बीटा यायच्या आधी पेढे? ट्रान्स्फरनंतर या चुका टाळा

गर्भ गर्भाशयात सोडून, म्हणजे ट्रान्स्फर होऊन, तीनच दिवस झालेले असतात आणि मोबाइलवर युरिन किटचा फोटो येतो. "ताई, फिकट रेघ दिसतेय ना?" आयव्हीएफ सेंटरमध्ये समुपदेशन करताना हे इतक्यांदा झालंय, की मी रेघ बघतच नाही. फाइलमध्ये ट्रिगरच्या इंजेक्शनची तारीख बघते. ट्रिगर, म्हणजे बीजं काढण्याआधी ती पिकायला देतात ते इंजेक्शन, बऱ्याचदा एचसीजी या गरोदरपणाच्या हार्मोनचंच असतं, आणि किटही तेच शोधतं. १०,००० युनिटचं इंजेक्शन अंगातून पूर्ण जायला १० ते १४ दिवस लागू शकतात. ताज्या सायकलमध्ये (गर्भ न गोठवता) पाच दिवसांचा गर्भ आत सोडेपर्यंत त्यातले जेमतेम सात संपलेले असतात.

एका घरी याच रेघेवर सासूबाईंनी आळीभर पेढे वाटले. पुढच्या आठवड्यात बीटा, म्हणजे रक्तातल्या एचसीजीचा आकडा, पाचच्या आत आला. निगेटिव्ह. घरच्यांना वाटलं, राहिलेला गर्भ पडला, सुनेनेच काहीतरी जड उचललं असणार. तो मुळात रुजलाच नव्हता, हे पटवायला मला दोन तास लागले. तेव्हापासून मी ट्रिगरची तारीख औषधांच्या कागदावर लाल शाईने लिहून देते आणि किट आणू नका म्हणते. आणतातच.

दुसरी चूक बीटाच्या पहिल्या आकड्याची. "माझा ९०, जावेचा २२०, माझं काही खरं नाही." अहो, जावेचं रक्त कितव्या दिवशी घेतलं होतं? एका आकड्यावर रडूही नका, नाचूही नका. ४८ तासांनी त्याच लॅबमध्ये पुन्हा तपासा. सुरुवातीला तो साधारण दीडपट तरी व्हावा, दुप्पटच हवा असं नाही. आणि छान वाढला तरी सोनोग्राफी चुकवू नका, गर्भाशयाबाहेर नळीत रुजलेल्या गर्भातही आकडा कधीकधी असाच वाढतो.

किट निगेटिव्ह आलं म्हणून प्रोजेस्टेरॉन, म्हणजे गर्भ टिकवणारं हार्मोन, स्वतःहून बंद करणाऱ्यांवर मात्र मी चिडते. हार्मोनच्या गोळ्यांवर केलेल्या फ्रोझन (गोठवलेल्या गर्भाच्या) सायकलमध्ये शरीराचं स्वतःचं प्रोजेस्टेरॉन जवळजवळ नसतंच. गोळी थांबली की आधारच गेला.

"ईआरए करून घेऊ का, खात्रीच होईल?" ईआरए म्हणजे गर्भाशयाच्या अस्तराचा तुकडा तपासून ट्रान्स्फरची वेळ ठरवणं. २०२२ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या चाचणीत ईआरएनुसार वेळ ठरवलेल्यांत ५८.५ टक्के बाळं जन्मली, नेहमीच्या वेळेला ट्रान्स्फर झालेल्यांत ६१.९. पैसे राहू द्या.

केसांसाठी बायोटिन घेत असाल, तर रक्त देण्याआधी लॅबला सांगा. जास्त डोसने काही मशीनवर बीटा खोटा कमी दिसतो.