हायब्रिड घेताय? स्पोर्टी ट्रिम की कम्फर्ट, आपल्या बेळगाव भागात कसं ठरवायचं

हायब्रिड, म्हणजे पेट्रोल इंजिन आणि इलेक्ट्रिक मोटर दोन्ही असलेली क्रॉसओव्हर गाडी घ्यायचं नक्की झालं की घरात पुढचं भांडण ट्रिमवरनं, म्हणजे एकाच गाडीच्या वेगवेगळ्या प्रकारांतला कुठला घ्यायचा त्यावरनं सुरू होतं. पोरगं म्हणतं काळी अलॉय आणि लाल शिलाईवालीच पायजे, आई म्हणते मला चढाय-उतराय नीट झालं म्हणजे बास, आणि शोरूमवाला दोघांनाबी हो हो म्हणतोय. माझं मत आधीच सांगून टाकतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या पट्ट्यात राहताय आणि मागच्या सीटवर रोज कोण ना कोण बसतंय, तर कम्फर्ट घ्या. पण डोळे झाकून नको, काही जणांना खरंच स्पोर्टीच बरी पडते, ते पुढं सांगतो.

आधी ब्रोशर हातात घ्या आणि ट्रिमच्या नावाकडं अजिबात बघू नका. स्पोर्टीमध्ये दोन जाती असतात. एक नुसती नटवलेली, म्हणजे काळी ग्रिल, काळं छत, धातूचे पेडल, लाल दोरा, खाली गाडी तीच. दुसरी खरोखर बदललेली, जिचं सस्पेन्शन (धक्के झेलणारी यंत्रणा), स्टिअरिंग नाहीतर चाकं वेगळी असतात. अमेरिकेत टोयोटाच्या रॅव्ह४ हायब्रिडला एक्सएसई म्हणून ट्रिम होती, तिचं सस्पेन्शन खरंच कडक केलेलं, आणि आरामवाल्यांसाठी लिमिटेड. आपल्याकडं ह्युंदाई क्रेटाची एन लाइन बघा, ती हायब्रिड नव्हे पण उदाहरण चांगलं आहे, स्टिअरिंगचं ट्यूनिंग वेगळं आणि चाकं १८ इंची. आता टोयोटाची हायरायडर किंवा मारुतीची ग्रँड व्हिटारा, त्यांची स्ट्राँग हायब्रिड (जी थोडं अंतर नुसत्या मोटरवर पण चालते) घ्या, १.५ लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आणि मोटर मिळून साधारण ११६ पीएस (हॉर्सपॉवरसारखंच ताकदीचं माप), खालची ट्रिम घ्या नाहीतर वरची, ताकद तेवढीच. स्पोर्ट नाहीतर पॉवर मोडनं पेडल दाबल्यावर गाडी जरा लवकर उचलते एवढंच, घोडे काय वाढत नाहीत. त्यात ई-सीव्हीटी, म्हणजे ठरावीक गिअर नसलेला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ओव्हरटेकला पाय दाबून धरला की इंजिन आधी ओरडतं, वेग मागनं येतो. गिअर टाकत गाडी पळवायची हौस असेल तर ह्या स्ट्राँग हायब्रिडच्या कुठल्याच ट्रिममध्ये ती भागणार नाही हो.

मग खरा फरक कुठं पडतो, तर टायरमध्ये. २१५/६० आर१७ असं लिहिलेलं असतं त्यात २१५ म्हणजे मिलिमीटरमधली रुंदी, १७ म्हणजे रिमचे इंच, आणि ६० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या किती टक्के ते. २१५ चे ६० टक्के म्हणजे १२९ मिलिमीटर रबर रिम आणि रस्त्याच्या मध्ये. तेच २१५/५५ आर१८ घेतलं की ११८ मिलिमीटर उरतं. एक सेंटीमीटरच कमी झाला की, असं वाटेल, पण पावसाळ्यानंतर जांबोटी-कणकुंबीकडनं चोर्ल्याला जाऊन बघा, डांबर संपून खड्ड्याची धार लागली की तो एक सेंटीमीटर तुमच्या कंबरेला कळतोय आणि नशीब वाईट असलं तर रिमलाबी. शिवाय मोठ्या मापाचा टायर महाग, आणि खेड्यातल्या टायरच्या दुकानात तो लगेच मिळेलच असं नाही. स्टेपनी कुठल्या मापाची देताय ते पण विचारून घ्या, काही गाड्यांत अलॉय मोठी आणि स्टेपनी बारकी असते.

आता उलट बाजू. मऊ सस्पेन्शन म्हणजे सगळ्यांना आराम असं समजू नका. चोर्ला, आंबोली, अनमोड, ह्या घाटांत वळणावळणाला गाडी डुलायला लागली की मागं बसलेल्या पोरांना उलटी होते, आणि कडक गाडी कमी डुलते. म्हणून महिन्यात दोनदा-चारदा गोव्याला नाहीतर सावंतवाडीला जाणारे, किंवा धंद्यासाठी हायवेनं कोल्हापूर-पुणे नाहीतर हुबळी-बेंगळुरू करणारे आणि बहुतेक वेळा एकटेच असणारे, त्यांनी स्पोर्टी जरूर बघावी. वेगात लेन बदलताना ती घट्ट वाटते, ड्रायव्हर दमत नाही. पण नुसती नटवलेली असेल तर ह्यातला एकबी फायदा नाही, रंगासाठी जास्तीचे पैसे देताय एवढं समजून द्या, हौसेला मोल नसतंय.

टेस्ट ड्राइव्ह कशी घ्यायची ते नीट ऐका. शोरूमवाले गुळगुळीत रस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, त्यात काय कळत नाही. जी ट्रिम घ्यायची तीच मागा, "सर, सगळ्या सेमच आहेत" म्हणाले तर टायरवरचं माप वाचा. निघायच्या आधी हवा चेक करा, ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर किती पाहिजे ते लिहिलेलं असतं, जास्त भरलेली असली तर चांगली गाडी पण दगडासारखी लागते. मग शहरातल्या रेल्वे गेटचे रूळ, गल्लीतले स्पीड ब्रेकर आणि एखादा ऊस वाहतुकीनं उखडलेला रस्ता, हे तिन्ही घ्या. आणि ह्यातला अर्धा वेळ तुम्ही स्वतः मागच्या सीटवर बसा, बरोबर आईवडिलांना न्या. स्पोर्ट सीटच्या दोन्ही कडा उंच असतात, वळणावर धरून ठेवतात ते खरं, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला, नऊवारी नेसलेल्या आजीला त्या कडेवरनं सरकून उतरायचं म्हणजे शिक्षाच.

सीटच्या रंगाचं हसण्यावारी नेऊ नका. खानापूर भागात लाल माती, आणि कम्फर्ट ट्रिममध्ये बऱ्याचदा फिकट सीट देतात, दोन पावसाळ्यांत ती कशी दिसेल ते सांगायला नको. काळी सीट माती लपवते पण एप्रिलमध्ये चिकोडी-अथणीकडं उन्हात लावलेल्या गाडीत बसून बघा, चटका बसतोय. हवेशीर सीट, म्हणजे आतनं पंखा असलेली, ती वरच्या ट्रिममध्ये मिळते आणि माझ्या मते सनरूफपेक्षा तिला पैसे द्यावेत. ३६० कॅमेरा पण तसाच, खडेबाजारात गाडी घातली की त्याची किंमत कळते. स्ट्राँग हायब्रिडची बॅटरी मागं असल्यानं डिकी बारकी होते, लग्नाच्या बॅगा किंवा गणपतीत मुंबई-पुण्याहून येणाऱ्यांचं सामान डोळ्यासमोर आणून डिकी उघडून बघा. आणि काही हायब्रिडमध्ये बॅटरीला थंड हवा मागच्या सीटजवळच्या जाळीतनं जाते, ती जाळी कुठं आहे विचारा, सीट कव्हर घालताना ती झाकू नका.

आता पैशाचं, इथं बरेचजण फसतात. कर्नाटकात लाइफटाइम टॅक्स १० ते २० लाखांच्या गाडीला १७ टक्के आणि २० लाखांवर गेली की १८, त्यावर सेस वेगळा. समजा कम्फर्ट १९ लाख ८० हजारला आणि स्पोर्टी २० लाख ३० हजारला. वरनं फरक ५० हजारांचा, पण टॅक्स ३ लाख ३७ हजारांवरनं ३ लाख ६५ हजारांवर जातो, म्हणजे तो लाल दोरा सेस सोडून पाऊण लाखाच्या वर पडला. विमा पण बराचसा किमतीवरच असतो. महाराष्ट्रात १० ते २० लाखांच्या पेट्रोल गाडीला १२ टक्के, म्हणून कोल्हापूरला पाहुण्यांच्या पत्त्यावर एमएच ०९ (कोल्हापूरचा नंबर) करूया असं कोणतरी सुचवतंयच. राहताय इकडं तर त्या नादाला लागू नका, दुसऱ्या राज्यात १२ महिन्यांच्या वर गाडी ठेवली की कायद्यानं तिथला नंबर घ्यावा लागतो, टॅक्स भरावाच लागतो आणि चेकिंगला अडवलं की भांडत बसायला लागतं ते वेगळंच.

ठरलं की बुकिंगच्या कागदावर ट्रिमचं पूर्ण नाव, सीटचा रंग आणि टायरचं माप लिहून घ्या, तोंडी बोलणं नको. डिलिव्हरीला हार घालायच्या आधी, पाठीमागं फोटोवाले थांबलेले असले तरी, वाकून चारी टायर आणि स्टेपनी वाचा आणि कागदाशी जुळवा, नाही जुळलं तर सही करू नका.