टेक्निकल कमिटी, मतदान आणि आपण: कोकणातून ओपन सोर्समध्ये येणाऱ्यांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ भागातली बरीच मुलं आता ओपन सोर्सकडे, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांसाठी खुला असतो अशा सॉफ्टवेअरकडे, वळताहेत. त्यांचे प्रश्न साधारण ठरलेले असतात: कुठला प्रोजेक्ट धरू, पहिला बग कुठला घेऊ, पुल रिक्वेस्टला (आपला बदल घ्या या विनंतीला) उत्तर यायला किती वेळ लागतो. प्रोजेक्टचा कारभार कसा चालतो आणि वाद झाला तर निकाल कोण देतं, हे सहसा कोणी विचारत नाही. मी बरीच वर्षं रत्नागिरीत घरी बसून अशा प्रोजेक्टांत काम करतोय, आणि माझं ठाम मत आहे की आपल्यासारख्या लांबच्या माणसाने कोडच्या आधी कारभाराचे नियम वाचावेत. मोठ्या कंपनीतल्या माणसाच्या ओळखी असतात, तो चार जणांशी बोलून आपला मुद्दा पुढे रेटू शकतो. आपल्या हातात लिहिलेला नियम असतो, आणि तो नीट वापरला तर पुरतो.

वाचायला सुरुवात डेबियनपासून करावी, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमपासून. हा प्रोजेक्ट १९९३ चा, आणि डिसेंबर १९९८ पासून त्याला लेखी घटना आहे. तिचं सहावं कलम टेक्निकल कमिटीचं. कमिटीत जास्तीत जास्त आठ जण. रोजच्या कामात ते ढवळाढवळ करत नाहीत. पॅकेज (इन्स्टॉल करायला तयार बांधलेला प्रोग्रॅम) ज्याच्याकडे तो त्याचा मेंटेनर, आणि निर्णय त्याचा. दोन मेंटेनरांचं जमलं नाही, किंवा मेंटेनरचा निर्णय चुकतोय असं कोणाला वाटलं आणि बोलून काही निष्पन्न झालं नाही, की शेवटचा उपाय म्हणून प्रकरण कमिटीकडे जातं. उदाहरणार्थ, हॅम रेडिओच्या (हौशी रेडिओवाल्यांच्या) एका जुन्या प्रोग्रॅमला आणि जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या नोड जेएसला, दोघांनाही 'नोड' हीच कमांड हवी होती. तो वाद २०१२ मध्ये कमिटीपुढे आला होता. बाहेरून पाहणाऱ्याला ही क्षुल्लक गोष्ट वाटेल, पण कमांडचं नाव बदललं की लोकांच्या जुन्या स्क्रिप्ट बंद पडतात.

या कलमातल्या दोन तरतुदी मला फार महत्त्वाच्या वाटतात. पहिली, कमिटी स्वतः डिझाइन करत बसत नाही. समोर आलेल्या तयार प्रस्तावांतून निवड करते. म्हणजे "हे बरोबर नाही" एवढं सांगून भागत नाही, पर्याय लिहून न्यावा लागतो. दुसरी, एखाद्या डेव्हलपरचा निर्णय फिरवायचा तर साधं बहुमत चालत नाही. एका विरोधी मतामागे तीन बाजूची मतं लागतात. जो प्रत्यक्ष काम करतो त्याच्या शब्दाला वजन असावं, म्हणून हा उंबरठा मुद्दाम उंच ठेवलाय.

आता मतदानाची पद्धत. आपल्याला एका नावापुढचं बटण दाबायची सवय, त्यामुळे इथे नवीन माणूस गोंधळतो. डेबियनमध्ये पर्यायांना पसंतीक्रम द्यायचा असतो, आणि मोजताना प्रत्येक पर्यायाची प्रत्येक दुसऱ्या पर्यायाशी वेगळी लढत लावतात. समजा पाच जण आहेत आणि क, ख, ग असे तीन प्रस्ताव. दोघांनी क, ख, ग असा क्रम दिला. दोघांनी ग, ख, क. एकाने ख, क, ग. नुसती पहिली पसंती मोजली तर क ला दोन, ग ला दोन आणि ख ला एकच, ख तळाला. जोड्या लावून बघा. ख विरुद्ध क: शेवटच्या तिघांना क पेक्षा ख बरा वाटतो, म्हणजे ख ३-२ ने पुढे. ख विरुद्ध ग: पहिले दोघे आणि पाचवा ख च्या बाजूने, पुन्हा ३-२. ख जिंकला. दोन्ही टोकांच्या लोकांना जो चालण्यासारखा आहे, तोच वर येतो. हे कागदावर एकदा स्वतः करून बघाच, मग कुठलाही जुना निकाल वाचता येईल.

मतपत्रिकेवर आणखी एक ओळ असते, 'यापैकी काहीच नाही'. ती आपल्या नोटासारखी वाटते, पण इथे तिला दात आहेत. जो पर्याय या ओळीला हरवू शकत नाही तो बाद होतो. तीनास एकची अटही याच ओळीशी तुलना करून तपासतात. म्हणून क्रम लावताना ही ओळ कुठे ठेवायची याचा विचार पहिल्या पसंतीइतकाच करावा लागतो.

समसमान झालं तर? फेब्रुवारी २०१४ मध्ये तसंच झालं. डेबियनची डिफॉल्ट इनिट सिस्टिम (मशीन सुरू होताना बाकीच्या सेवा सुरू करणारा प्रोग्रॅम) सिस्टिमडी असावी की अपस्टार्ट, यावर आठ जणांच्या कमिटीत चार-चार अशी फाळणी झाली, आणि अध्यक्षांच्या निर्णायक मताने सिस्टिमडी आली. त्यावरून मोठं वादळ उठलं. तरीही निकाल नियमाने लागला होता, आणि ज्यांना तो मान्य नव्हता त्यांना सगळ्या डेव्हलपरांचं मतदान मागायची वाट घटनेतच ठेवलेली होती.

अपाचे फाउंडेशन ही अनेक ओपन सोर्स प्रोजेक्ट सांभाळणारी संस्था. तिची रीत वेगळी आहे, आणि नवख्याला ती जास्त जवळची. तिथे बरेच निर्णय मतदानाशिवाय होतात. कोणीतरी "मी असं करतोय" असं लिहितो, आणि ठरलेल्या वेळात हरकत आली नाही तर ते संमत धरतात. शिमग्याच्या पालखीआधी गावकीच्या बैठकीत मानकरी "कोणाची हरकत?" विचारतात आणि सभा गप्प राहिली की ठराव पक्का होतो, तसंच. आपल्याकडच्या मुलांची अडचण नेमकी इथेच होते. वडीलधाऱ्यांसमोर बोलू नये हे अंगात मुरलेलं, त्यामुळे पटत नसलं तरी ती गप्प बसतात, आणि ते गप्प बसणं होकारात जमा होतं. शंका असेल तर लिहा. आदराने लिहा, पण मुदतीच्या आत लिहा.

ही मुदत साधारण ७२ तासांची असते. जगभरच्या माणसांना आपापल्या दिवसात वेळ मिळावा हा तिचा हेतू. जूनमध्ये वारा-पाऊस सुरू झाला की आपल्याकडे लाइट जाते, इन्व्हर्टर संपतो, मोबाइलची रेंजही जाते. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या कित्येक गावांत बरेच दिवस वीज नव्हती. तिथे ७२ तासही अपुरेच. पण एरवीच्या पावसाळ्यात ही मुदत आपल्याला चर्चेत टिकवून धरते. जिथे सगळं एका व्हिडिओ कॉलवर ठरतं, तो प्रोजेक्ट निवडण्याआधी मी दोनदा विचार करेन.

अपाचेत रिलीझच्या (नवी आवृत्ती प्रसिद्ध करण्याच्या) मतदानात कोणीही मत देऊ शकतो. बंधनकारक, म्हणजे निकालात मोजली जाणारी, मतं फक्त प्रोजेक्ट व्यवस्थापन समितीची, पण तुमचं मतही वाचलं जातं. रिलीझ व्हायला किमान तीन बंधनकारक +१ (होकार) लागतात, आणि +१ ची संख्या -१ (नकार) पेक्षा जास्त असावी लागते. तिथे व्हेटो (एकट्याच्या नकाराने अडवणं) चालत नाही. कोडमधल्या बदलाला मात्र व्हेटो घालता येतो, पण तांत्रिक कारण दिलं तरच. कारण नसलेला व्हेटो ग्राह्य धरत नाहीत.

म्हणून पहिलं मत असं द्या: रिलीझचं सोर्स उतरवा, सही आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) तपासा, आपल्या मशीनवर बिल्ड करा, टेस्ट चालवा. मग +१ लिहून पुढे 'नॉन-बाइंडिंग' (बंधनकारक नसलेलं) असं स्पष्ट म्हणा आणि खाली ऑपरेटिंग सिस्टिम, कंपायलर किंवा जावाची आवृत्ती, काय चाललं, काय अडलं, हे चार ओळींत द्या. नुसत्या +१ चा कोणाला उपयोग नसतो. अशा चार ओळी सातत्याने लिहिणारा माणूस समितीच्या लक्षात राहतो, आणि पुढे कमिटर (थेट कोडमध्ये बदल करायचा हक्क असलेला) म्हणून नाव सुचवलं जातं ते यातूनच.

पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेचंही थोडं वाचा. तिचे जनक गुइडो व्हान रॉसम जुलै २०१८ मध्ये पायउतार झाले तेव्हा अंतिम निर्णय कोणी घ्यायचा हेच ठरलेलं नव्हतं. मग वेगवेगळे आराखडे मांडले गेले, त्यावर मतदान झालं आणि पाच जणांची स्टिअरिंग कौन्सिल आली. त्यात एकाच कंपनीचे दोनपेक्षा जास्त सदस्य नसावेत, ही अट मला सगळ्यात मोलाची वाटते. फ्रीलान्स काम करणाऱ्या आपल्यासारख्यांसाठी ती संरक्षक भिंतच आहे.

डेबियनमध्ये मताचा हक्क फक्त पॅकेज बनवणाऱ्यांना असतो, असा समज आहे, पण तो खरा नाही. २०१० च्या ठरावाने भाषांतर, दस्तऐवज, डिझाइन करणाऱ्यांनाही पूर्ण सदस्यत्वाचा रस्ता खुला झाला. डेबियनचा इन्स्टॉलर मराठीत आहे, आणि त्याची वाक्यं बदलत राहतात. कोडची भीती वाटणाऱ्याने तिथून सुरुवात करावी. सदस्यत्वासाठी आधीच्या सदस्याची शिफारस लागते, म्हणून पहिल्या दिवसापासून सगळं काम एकाच नावाने करा. शिवाय तुमच्या जीपीजी कीवर (तुमची डिजिटल सही पटवणाऱ्या किल्लीवर) आधीच्या डेव्हलपरांच्या सह्या लागतात, आणि त्या सहसा प्रत्यक्ष भेटूनच होतात. २०२३ मध्ये डेबकॉन्फ (डेबियनची वार्षिक परिषद) कोचीला झाली, रत्नागिरीहून नेत्रावतीने सरळ जाता येण्यासारखी. भारतात असा कार्यक्रम पुन्हा जाहीर झाला की तिकीट काढा, आणि कीचा फिंगरप्रिंट (तिची ओळख पटवणारा छोटा क्रमांक) कागदावर छापून सरकारी ओळखपत्रासोबत न्या.