पोराचा मोबाईल ‘साफ’ करून मागू नका

माझं मोबाईल दुरुस्तीचं दुकान शाळेच्या रस्त्यावर आहे. वर्षातून पाच-सहा वेळा एक ठरावीक गिऱ्हाईक येतं. पुढे आई किंवा वडील, मागे मान खाली घातलेलं पोर. पोराला मोबाईलवर कुणीतरी छळत असतं. मोबाईल काउंटरवर आपटतात आणि म्हणतात, “ह्यातलं सगळं उडवून टाका.”

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. मीही एकदा उडवलंय. नववीतली मुलगी होती. अनोळखी नंबरवरून व्हॉट्सअ‍ॅपवर शिव्या आणि धमक्या यायच्या. वडील तापलेले. मी रिसेट मारला, दोनशे रुपये घेतले. बॅकअप आहे का, हेही विचारलं नाही. आठवड्याने ते परत आले. त्रास थांबला नव्हता, पोलिसांनी मेसेज दाखवा म्हटलं होतं आणि दाखवायला काहीच उरलं नव्हतं. मुलीला त्या नंबरचे शेवटचे चार आकडे तेवढे आठवत होते. ते दोनशे रुपये मी परत दिले, पण त्याने काय होणार होतं?

तेव्हापासून माझा नियम एकच: आधी स्क्रीनशॉट, मग बाकीचं. तारीख-वेळ दिसली पाहिजे आणि मागचं-पुढचं बोलणंही. नंबर ‘पिंट्या’ म्हणून सेव्ह असेल तर स्क्रीनशॉटमध्ये पिंट्याच दिसतो, म्हणून नावावर टिचकी मारून नंबरचाही फोटो घ्या. चॅट एक्स्पोर्ट करून स्वतःला मेल करा. रिपोर्ट करताना ‘ब्लॉक करा आणि चॅट डिलीट करा’ असा चौकोन दिसतो. घाईत तिथे खूण राहते आणि पुरावा जातो. पोराचा नग्न फोटो फिरत असेल तर मात्र त्याचे स्क्रीनशॉट काढू नका आणि ‘बघा काय केलंय’ म्हणून मामा-काकांना तर मुळीच पाठवू नका. अठराच्या आतल्याचा असा फोटो पुढे ढकलणं हा गुन्हा आहे. फक्त अकाउंटचं नाव आणि लिंक लिहून घ्या. ‘टेक इट डाउन’ नावाची मोफत सेवा असे फोटो नेटवरून काढायला मदत करते; ती फोटोचा नुसता डिजिटल ठसा घेते, फोटो आपल्याच फोनमध्ये राहतो.

दुसरी चूक, मोबाईल काढून घेणं. माझ्या पुतण्याला गेमच्या ग्रुपवर आठ महिने छळलं. घरात कुणाला पत्ता नाही. का सांगितलं नाहीस, विचारलं तर म्हणतो, “काका, मोबाईल गेला असता ना.” बरोबरच बोलला. त्रास देणारा मोकळा आणि शिक्षा सांगणाऱ्याला. मग पुढच्या वेळी कोण सांगेल?

पोराच्या अकाउंटवरून तुम्हीच शिव्या देऊ नका. तुमच्या शिवीचाही स्क्रीनशॉट निघतो.

रात्री अकराला पालकांच्या ग्रुपवर समोरच्या मुलाचं नाव टाकू नका. सकाळी वर्गशिक्षकांना भेटा.

‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला नव्हे, हात झटकणं आहे.

चोरून मेसेज वाचायचं अ‍ॅप टाकून द्या म्हणणारे महिन्याला एक तरी येतात. मी टाकत नाही. ह्या लोकांना पाच मिनिटं पोराशेजारी बसायचं नसतं, फक्त बटण हवं असतं.

आणि सगळे 1930 फिरवतात. तो नंबर मुख्यतः पैशांच्या फसवणुकीसाठी आहे. छळाची तक्रार सरकारच्या सायबर क्राइम पोर्टलवर करा. तिथे महिला-मुलांसाठी वेगळा विभाग आहे. मुलांची हेल्पलाइन 1098. पोर जेवत-झोपत नसेल तर टेलिमानस ह्या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 रात्रीही लागतो. जिवाचं बरंवाईट करायची भाषा निघाली तर पोराला एकटं सोडू नका, थेट दवाखाना गाठा.

हल्ली असं गिऱ्हाईक आलं की मी आधी पोराला स्टूल देतो, वडिलांना समोरून चहा आणायला पाठवतो आणि पोरालाच विचारतो, “ह्यातलं काय ठेवायचं?” बहुतेकांनी आधीच सगळं एका फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं.