बॅटरी जोडण्याआधी थ्रॉटल होल्ड लावा
आरसी, म्हणजे रिमोटने उडवायच्या, हेलिकॉप्टरला खेळणं समजू नका. ७०० वर्गाच्या (सुमारे ७०० मिलिमीटर लांब पात्यांच्या) हेलिकॉप्टरचा रोटर मिनिटाला २००० फेरे घेतो, तेव्हा पात्याचं टोक ताशी सुमारे ६०० किलोमीटर वेगाने फिरत असतं. म्हणून आधी ट्रान्समीटर (हातातला रिमोट) सुरू करा, थ्रॉटल होल्ड, म्हणजे मोटर बंद ठेवणारा त्यावरचा स्विच, लावा, मगच हेलिकॉप्टरची बॅटरी जोडा. बंद करताना आधी बॅटरी काढा. फेलसेफही, म्हणजे सिग्नल तुटल्यावर मोटर थांबवणारी सोय, तपासा, पण पाती उतरवून. ट्रान्समीटर बंद केल्यावर मोटर थांबलीच पाहिजे. पात्याला बारीकशी चीर दिसली तरी ते टाकून द्या, चिकटवत बसू नका. आणि विमा? कुणाला इजा झाली तर भरपाई उडवणाऱ्याच्याच गळ्यात येऊ शकते. थर्ड पार्टी विमा घ्याच, आणि त्यात मॉडेल उडवणं वगळलेलं नाही ना, हे पॉलिसीत स्वतः वाचा.