‘समाजाने विरोध केला’: निबंध लिहिणाऱ्या नव्या विद्यार्थ्यांसाठी

संस्कृती, इतिहास, साहित्य, आरोग्य, समाज. बीए-एमएच्या मुलांच्या वाट्याला यांपैकी कशावर तरी निबंध येतोच. प्रस्तावना कशी करायची, संदर्भसूची कशी लावायची हे वर्गात सांगून झालेलं असतं, त्यामुळे त्यात शिरत नाही. मला एकाच गोष्टीबद्दल लिहायचंय. तिने मला फार काळ अडकवून ठेवलं आणि ती स्पष्ट शब्दांत कुणी सांगितली नव्हती. आजही कोरी फाइल उघडली की पहिल्या परिच्छेदात मी तिलाच शोधते.

या विषयांवर लिहिताना वाक्यातला करणारा माणूस गायब होतो. ‘समाजाने विरोध केला.’ ‘त्या काळी स्त्रियांना आवाज नव्हता.’ ‘लोकांमध्ये अज्ञान होतं.’ ‘आपल्या संस्कृतीत आरोग्याला महत्त्व आहे.’ असली वाक्यं हाताला पटकन येतात, वाचायला भारदस्त वाटतात आणि परीक्षक त्यांच्याखाली सहसा लाल रेघ ओढत नाहीत. पानं भरत जातात. मग तोंडी परीक्षेत कुणीतरी विचारतं, ‘कुठल्या समाजाने? कशाला विरोध?’ आणि आपल्याकडे सांगायला काहीच नसतं.

एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन दाखवते. समजा विषय आहे ‘प्लेगची साथ आणि महाराष्ट्रातील समाज’. यावरच्या निबंधात हे वाक्य हटकून येतं: ‘प्लेगच्या काळात अज्ञानामुळे समाजाने सरकारी उपायांना विरोध केला.’

प्लेगच्या काळात म्हणजे नेमकं कधी? मुंबईत साथ उघड झाली ती १८९६ च्या सप्टेंबरात, आणि पुढे ती वर्षानुवर्षं परत परत येत राहिली. १८९७ च्या मार्च-एप्रिलमधलं पुणं वेगळं, १८९८ च्या मार्चमधली मुंबई वेगळी. मुंबईत तेव्हा प्लेगच्या तपासणीवरून दंगल पेटली होती. दोन्हींना एकाच वाक्यात बसवलं की दोन्हींबद्दल काहीच सांगून होत नाही.

सरकारी उपाय कोणते? फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोगांचा कायदा झाला आणि अधिकाऱ्यांच्या हातात मोठी सत्ता आली. घरोघर झडती, रोग्याला इस्पितळात नेणं, घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत हलवणं, सामान जाळणं, रेल्वेच्या प्रवाशांची तपासणी, हाफकिनने तयार केलेली प्लेगची लस, हे सगळं ‘उपाय’ या एका शब्दात कोंबलेलं आहे. पुण्यात झडतीला गोरे सैनिक होते. सोजीर माजघरात शिरला म्हणून संतापलेला माणूस आणि लस टोचून घ्यायला भ्यालेला माणूस यांचा विरोध एकच कसा म्हणायचा? आणि लसीची भीतीही प्रत्येक वेळी निराधार नव्हती. १९०२ मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी दूषित झालेल्या एका बाटलीतली लस टोचल्यामुळे १९ माणसं धनुर्वाताने दगावली. ती वार्ता कानावर आलेल्या माणसाला ‘अडाणी’ म्हणण्याआधी थांबायला हवं.

आता ‘अज्ञान’. मला सर्वांत जास्त राग याच शब्दाचा येतो. कोणाचं अज्ञान? यर्सिन या शास्त्रज्ञाने १८९४ मध्ये हाँगकाँगला प्लेगचा जंतू ओळखला होता. पण उंदराच्या अंगावरची पिसू तो माणसापर्यंत आणते हे पॉल-लुई सिमोंने दाखवलं १८९८ मध्ये, कराचीत, आणि ते सर्वमान्य व्हायला आणखी काही वर्षं गेली. म्हणजे १८९७ साली पुण्यात प्लेगचा बंदोबस्त बघणाऱ्या रँड या इंग्रज अधिकाऱ्याच्या कमिटीलाही पिसवेची भूमिका ठाऊक नव्हती. घर धुऊन काढायचा हुकूम देणारा साहेब आणि घर सोडायला तयार नसलेली बाई, दोघांनाही रोग कसा पसरतो ते माहीत नव्हतं. त्यातल्या एकाच बाजूला आपण अज्ञानी ठरवतो, कारण आपल्याला उत्तर आधीच ठाऊक आहे. आपलं आजचं ज्ञान त्या वर्षातल्या माणसाच्या डोक्यात घालायचं नाही, एवढं पाळलं तरी निबंधाचा दर्जा एकदम वर जातो.

राहिला ‘समाज’. सावित्रीबाई फुले त्याच समाजातल्या. डॉक्टर मुलगा यशवंत याच्यासोबत त्या पुण्याबाहेर रोग्यांची शुश्रूषा करत होत्या आणि त्याच संसर्गाने १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. टिळक त्याच समाजातले. त्यांनी ‘केसरी’तून झडतीच्या पद्धतीवर कडक टीका केली आणि त्याच वेळी हिंदू रोग्यांसाठी वेगळं इस्पितळ उभारण्यात पुढाकार घेतला. मग त्यांना विरोधक म्हणायचं की सहकार्य करणारे? चापेकर बंधूंनी २२ जून १८९७ च्या रात्री रँडवर गोळी झाडली, तेही याच समाजातले. या सगळ्यांना एका कर्त्याखाली उभं करून एकच क्रियापद द्यायचं, हे मला लेखन वाटत नाही.

आता तेच वाक्य पुन्हा लिहून बघू. ‘मार्च १८९७ पासून पुण्यात सैनिकांनी सुरू केलेल्या घरझडत्यांवर टिळकांनी केसरीतून टीका केली, मात्र रोग्यांना इस्पितळात ठेवण्याला त्यांचा सरसकट विरोध नव्हता, हिंदू रोग्यांच्या इस्पितळासाठी त्यांनी स्वतः खटपट केली.’ वाक्य लांबलं, थोडं ओबडधोबडही झालं. पण यातल्या प्रत्येक शब्दावर कुणी बोट ठेवलं तर तुम्हाला उत्तर देता येतं. शिवाय पुढचा प्रश्न आपोआप समोर येतो: विरोध रोगनिवारणाला होता की ते ज्या रीतीने केलं गेलं तिला? तुमच्या निबंधाचा खरा विषय इथे सापडतो. दिलेल्या मथळ्यात तो नव्हताच.

कोण, कुठे, कधी, कशाला, आणि हे आपल्याला कुणामुळे कळलं, एवढं प्रत्येक वाक्याला विचारा. शेवटचा प्रश्न सर्वांत अवघड, आणि तिथे घाई अंगाशी येते. गोपाळ कृष्ण गोखल्यांचंच बघा. १८९७ मध्ये ते इंग्लंडमध्ये होते. पुण्यातल्या सैनिकांनी स्त्रियांवर अत्याचार केल्याचं पत्रांतून कळलेलं त्यांनी तिथे जाहीरपणे सांगितलं. परत आल्यावर पुरावा उभा करता आला नाही आणि त्यांना जाहीर माफी मागावी लागली. ही हकीकत निबंधात दोन उलट्या पद्धतींनी वापरलेली दिसते. कुणी आरोप तसाच सिद्ध झाल्यासारखा लिहितं, कुणी माफी दाखवून ‘काही घडलंच नव्हतं’ म्हणतं. दोन्ही घाईचं आहे. साक्ष द्यायला कुणी पुढे आलं नाही, एवढंच आपल्या हातात आहे. त्या काळात एखाद्या स्त्रीने असल्या गोष्टीची जाहीर साक्ष देणं म्हणजे काय, याचा विचार वाचकाला करू द्या. पण पुराव्याच्या पुढे एक पाऊलही टाकू नका.

स्त्रियांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. ‘एकोणिसाव्या शतकात स्त्रिया मूक होत्या’ हे वाक्य कृपा करून लिहू नका. ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापून आलं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतून वैद्यकीय पदवी घेऊन बाहेर पडल्या. लहानपणी लग्न लावून दिलेल्या नवऱ्याकडे नांदायला नकार देऊन रखमाबाई १८८४ पासून कोर्टात उभ्या होत्या. बहुसंख्य स्त्रियांना लिहिता-वाचता येत नव्हतं हे खरंच, पण ‘मूक’ या एका शब्दाने ज्या बोलल्या त्यांनाही आपण गप्प करतो.

साहित्यावर लिहिणाऱ्यांची अडचण थोडी निराळी. ह. ना. आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो’मधली यमू काय सोसते ते वाचून विद्यार्थी लिहितात, ‘यावरून त्या काळच्या स्त्रीची स्थिती कळते.’ यमू आपट्यांनी घडवलेली आहे. ‘करमणूक’ हे आपट्यांचं साप्ताहिक वाचणाऱ्यांपुढे एका पुरुष लेखकाने ती आत्मकथनाच्या रूपात ठेवली, हे आधी लिहा. मग त्या वाचकाला काय ओळखीचं वाटेल असं लेखकाला वाटलं, हा सुंदर प्रश्न तुमच्या हाती येतो. आणि कादंबरीऐवजी आठवणी वापरल्या म्हणजे सुटलो असंही नाही. रमाबाई रानड्यांच्या आठवणी १९१० मध्ये प्रसिद्ध झाल्या, त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे गेले १९०१ मध्ये. मागे वळून, एका मोठ्या माणसाची पत्नी म्हणून, त्या लिहीत होत्या. यामुळे पुस्तकाचं मोल कमी होत नाही, ते कसं वाचायचं तेवढं ठरतं.

आरोग्याच्या निबंधात आकडे असतात म्हणून ते आपोआप शास्त्रीय होतात हा समज सोडा. १९१८ च्या इन्फ्लुएन्झाने भारतात किती माणसं गेली? १ कोटी २० लाखांपासून २ कोटींपर्यंत वेगवेगळे अंदाज आहेत. तुम्हाला आवडला तो आकडा उचलून पूर्णविराम दिला तर तो अंदाज कुणाचा, कशावरून काढला, हे विचारल्यावर तुमची पंचाईत होणार. १९११ ते १९२१ या दशकात देशाची लोकसंख्या किंचित घटली हे जनगणनेत दिसतं, ते आधाराला घ्या, आणि बाकीच्याला ‘अंदाज’ म्हणा. अंदाजाला अंदाज म्हटल्याने गुण जात नाहीत.

संदर्भांबद्दल थोडक्यात. मराठी विश्वकोश सुरुवातीला उघडा, तिथून पुस्तकांची नावं घ्या आणि त्या पुस्तकांकडे जा. गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, वापरताना आधी वर्ष बघा: पुणे जिल्ह्याचं जुनं गॅझेटिअर १८८५ चं आहे, त्यात १८९७ चा प्लेग असणारच नाही. आणि ते राज्यकर्त्यांनी कारभारासाठी लिहून घेतलेलं आहे हेही मनात असू द्या. एखाद्या पुस्तकात दुसऱ्याचं अवतरण वाचलंत तर तळटिपेत ज्यात वाचलंत तेच पुस्तक द्या. मूळ ग्रंथ न बघता त्याचा पृष्ठक्रमांक देणं ही फसवणूक आहे, मग ती कितीही जण करत असोत.

तयार गाईडांबद्दल माझं मत कडक आहे. ‘समाजाने’, ‘त्या काळी’, ‘आपल्या संस्कृतीत’ ही भाषा आपल्याला लागते ती तिथूनच. एआयकडून लिहून घेतलेल्या मजकुराची तीच अडचण: कर्ता नसलेली गुळगुळीत वाक्यं, आणि मधूनच अस्तित्वात नसलेलं एखादं पुस्तक संदर्भ म्हणून. शब्द तपासायला, व्याकरण बघायला वापरा. विचार त्याच्यावर सोपवलात तर तोंडी परीक्षेत तुम्ही एकटेच बसलेले असता.

मार्गदर्शक निवडायची मुभा असेल तर ‘छान लिहिलंय’ म्हणणाऱ्यांपासून जपून राहा. समासात बारीक अक्षरात ‘कोण?’ एवढंच लिहून पान परत देणारी एक बाई मला भेटली. तिने शिकवलं ते बाकीच्या सगळ्यांनी मिळून शिकवलं नाही. असं माणूस विभागात नसेल तर वर्गातल्या एका मैत्रिणीशी ठरवा, एकमेकींच्या पानांवर फक्त हा एक प्रश्न लिहायचा. तेवढ्याने काम भागतं, खरंच.

हे सगळं वाचून कुणाला वाटेल की आता एक वाक्यही लिहिता येणार नाही. तसं होतं, सुरुवातीला हात आखडतोच. पहिला खर्डा बिनधास्त लिहा, त्यात ‘समाज’ पन्नास वेळा येऊ दे. दुसऱ्या वाचनात फाइलमध्ये ‘समाज’, ‘लोक’, ‘संस्कृती’, ‘त्या काळी’ हे शब्द एकेक करून शोधा. प्रत्येक ठिकाणी माणूस, गाव, वर्ष घालता येतं का बघा. जिथे येत नाही तिथे दोनच शक्यता: वाचन कमी पडलंय, नाहीतर ते वाक्य नकोच आहे. वाचायला वेळ उरला नसेल तर वाक्य काढून टाका, निबंध दोनशे शब्दांनी कमी भरला तरी चालेल. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री नवीन पुस्तक उघडू नका. आहेत त्या पानांतले कर्ते दुरुस्त करा, तळटिपांतले पृष्ठक्रमांक एकदा पुस्तकाशी ताडून बघा आणि झोपा.