ट्रॅकची स्कॉलरशिप: ऑफरवर सही करण्याआधी

अमेरिकेतल्या एका डिव्हिजन १ (कॉलेज खेळांची सर्वांत वरची पातळी) कॉलेजच्या कोचचा मेल आला तेव्हा मी बारावीत होतो. ट्रिपल जंप हा माझा इव्हेंट. ‘स्कॉलरशिप’ हा शब्द वाचला आणि बाबा पेढे घेऊन आले. किती टक्के, हे विचारायचं कुणालाच सुचलं नाही. ती ४० टक्के होती. उरलेल्या ६० टक्क्यांसाठी कर्ज काढलं.

ट्रॅकमध्ये, म्हणजे ॲथलेटिक्समध्ये, पूर्ण स्कॉलरशिप फार थोड्यांना मिळते. माझ्या वेळी डिव्हिजन १च्या पुरुष संघाला १२.६ आणि महिला संघाला १८ स्कॉलरशिपची मर्यादा होती, आणि कोच त्यांचे तुकडे करून वाटायचे. मुलींचा आकडा मोठा, कारण अमेरिकन फुटबॉलच्या ८५ स्कॉलरशिप मुलांकडे जात आणि शिक्षणात स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणाऱ्या १९७२च्या टायटल नाइन कायद्यामुळे समतोल राखावा लागे.

जून २०२५मध्ये कोर्टाने हाउस खटल्यातली (खेळाडूंनी कॉलेज खेळांच्या संघटनेवर, एनसीएएवर, केलेला) तडजोड मंजूर केली आणि गणित बदललं. ती स्वीकारलेल्या कॉलेजांना आता स्कॉलरशिपच्या संख्येचं बंधन नाही, पण संघाचा आकार बांधला गेला: ट्रॅकमध्ये पुरुष ४५, महिला ४५. नियमाने पंचेचाळीसही जणांना पूर्ण स्कॉलरशिप देता येते. पण पैसा? ट्रॅक स्वतः फारसं कमावत नाही. मोठ्या कॉलेजांत तो मुख्यतः फुटबॉल-बास्केटबॉलच्या कमाईवर चालतो, आणि त्याच कमाईतून आता खेळाडूंना थेट वाटाही देता येतो. पहिल्या वर्षी कॉलेजमागे कमाल २ कोटी ५ लाख डॉलर. त्यामुळे ऑफर देणाऱ्याला पहिला प्रश्न हाच विचारा: तडजोड स्वीकारली आहे का, आणि त्या पंचेचाळीसमध्ये माझी जागा पक्की आहे का?

मग रोस्टर (संघातल्या खेळाडूंची यादी) उघडा आणि फक्त आपल्या इव्हेंटची माणसं मोजा. चार जंपर आधीच असतील आणि त्यातले तीन पहिल्या-दुसऱ्या वर्षाचे असतील, तर कॉन्फरन्स मीटला (आपल्या गटातल्या कॉलेजांच्या स्पर्धेला) जाणाऱ्या बसमध्ये जागा मिळणं अवघड. पहिल्या आठांनाच गुण मिळतात (१०, ८, ६ असे उतरत), आणि कोच गुण आणणाऱ्यांनाच नेतो. राष्ट्रीय स्पर्धेआधीच्या विभागीय फेरीत तर प्रत्येक इव्हेंटला ४८ जणच.

कोचिंग स्टाफबद्दल मला मनापासून सांगायचंय. हेड कोचचं नाव बघून भुलू नका. तुम्हाला रोज शिकवणार तो असिस्टंट. मला आणणारे जंप्स कोच वर्षभरात दुसरीकडे गेले. नवीन कोच थ्रोचे, त्यांच्याकडे जंपही दिला. माझा रनअप दीड वर्ष बिघडलेला राहिला. जंप्सचा कोच वेगळा आहे का, किती वर्षं टिकलाय, हे तिथल्या सीनियरला विचारा. मुलं खरं सांगतात.

अमेरिकेच्या शिक्षण खात्याच्या ‘इक्विटी इन ॲथलेटिक्स’ संकेतस्थळावर प्रत्येक कॉलेजचे खेळाडू, कोच आणि खर्च मोफत बघता येतात. तिथे एक खाचखळगा आहे: क्रॉस कंट्री, इनडोअर, आउटडोअर तिन्ही करणारा एकच धावपटू तीनदा मोजला जाऊ शकतो. मोठा आकडा बघून हुरळू नका.

आणि एक, जे मला पहिल्या सेमिस्टरला कळलं: एफ-१ (विद्यार्थी) व्हिसावर शिक्षणाच्या फीची स्कॉलरशिप करमुक्त असते, राहण्या-जेवणाची नाही. त्यातून सहसा १४ टक्के कर कापला जातो. घरच्यांना हिशेब मांडून दाखवताना ही ओळ आधीच लिहा.