गाळा भाड्यानं घेताना लॉक-इनचं कलम आधी वाचा

सोलापुरात नवी पेठेत दुकान घ्या किंवा अक्कलकोट रोड एमआयडीसीत यंत्रमागाची शेड, भाडं किती यावरच सगळी घासाघीस होते. पण खरी मेख लॉक-इनच्या, म्हणजे ठरावीक मुदतीत करार मोडायचा नाही या कलमात असते. बऱ्याच करारांत तीन वर्षं भाडेकरूनं सोडायचं नाही एवढंच लिहिलेलं असतं. मालकानं काढायचं नाही, हे नसतंच. फर्निचर, रंगरंगोटीवर दोन लाख घालून बसलात आणि सहाव्या महिन्यात नोटीस आली तर? म्हणून ओळच घालून घ्या: ‘भाडं थकल्याशिवाय किंवा अटी मोडल्याशिवाय मालकास या मुदतीत करार संपवता येणार नाही.’

शेड असेल तर माग, मोटारी, पॅनेल बोर्ड भाडेकरूचे, ही यादी कराराला जोडा. जमिनीत बोल्ट मारले की यंत्रं कोणाची यावर वाद होतोच. डिपॉझिट किती दिवसांत परत आणि घरपट्टी कोणाची, हेही लिहा.

करार नोंदवाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 55 नुसार नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. मालकाला हे गोडीत सांगा, तोच घाईनं नोंदणीला येईल.